बोरीच्या राखेचे वय



खोडदला यायचं आणि आकाशाबद्दल बोलायचं नाही, हा आमचा उद्धटपणा समजा. बाहेर ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण ३०, त्यांतल्या १४ इथल्या मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पांगलेल्या. गोविंद स्वरूप यांनी हे काम उभं केलं आणि खोडदचं नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी बसलं. पण आज आम्ही तुमची नजर खाली वळवणार आहोत. इथून काही किलोमीटरवर, कुकडीच्या काठी बोरी आहे. तिथे नदीच्या दरडीत, तपकिरी गाळाच्या मधोमध, पांढुरक्या राखेचा एक थर आहे. ही राख चुलीची नाही, स्मशानातली नाही आणि कारखान्याचीही नाही. सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून उडून, तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर वाहत ती इथे आली. एवढ्यावर आता एकमत आहे. ती कधी आली, यावर मात्र नाही.

संयोजकांनी आम्हाला सुचवलेला विषय निराळा होता: औद्योगिक राखेत पारा किती आहे, हे मास स्पेक्ट्रोमीटरने कसं मोजतात आणि त्या मोजण्यावर विश्वास किती ठेवायचा. विषय मोलाचा आहे. पण या भागात दुर्बिणीला विजेचा गोंगाट नको म्हणून मोठ्या उद्योगांवर बंधनं आहेत. कारखान्याची राख दाखवायची तर तुम्हाला नाशिकजवळ एकलहऱ्याला न्यावं लागेल, नाहीतर थेट कोराडी-खापरखेड्याला. म्हणून आम्ही संयोजकांना म्हटलं, विषय घेतो, पण बोरीच्या वाटेने घेतो. यंत्र त्याच जातीचं, राख वेगळी. आणि बोरीच्या राखेवर गेली तीस-पस्तीस वर्षं जो वाद चालला आहे, त्यातून पाऱ्याच्या आकड्याकडे कसं बघायचं हे जितकं कळतं, तितकं ते कुठल्या पाठ्यपुस्तकातून कळेल असं आम्हाला वाटत नाही.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. तुमच्यापैकी ज्यांनी खळं पाहिलंय त्यांना उफणणी सांगायला नको. टोपलीतून धान्य वाऱ्यावर सोडलं की दाणा जवळ पडतो, भूस लांब जातं. मास स्पेक्ट्रोमीटर अणूंची उफणणी करतो. नमुन्यातले अणू तो विद्युतभारित करतो आणि त्यांना चुंबकीय किंवा विद्युत क्षेत्रातून सोडतो. जड अणू कमी वळतो, हलका जास्त वळतो, आणि पलीकडे बसलेला मोजणारा प्रत्येक वजनाचे किती आले ते मोजतो. बस, एवढंच. हे यंत्र 'वय' मोजत नाही, 'प्रदूषण' मोजत नाही. अमुक वजनाचे कण अमुक इतके आले, एवढंच ते सांगतं. पुढचं सगळं आपण म्हणतो. हा फरक लक्षात ठेवा.

आता राखेचं वय या यंत्रातून कसं काढतात? राखेच्या काचेत पोटॅशियम असतं. त्यातला फार थोडा भाग पोटॅशियम-४० असतो, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्यातले काही अणू फुटून आर्गॉन वायूचे होतात. लाव्हा वितळलेला असताना जुना आर्गॉन उडून जातो आणि थंड झाल्यावर नवा आर्गॉन आत साठू लागतो, असं धरायचं. म्हणजे आत किती आर्गॉन साठला, ते घड्याळ.

पण घड्याळाचा काटा किती हलतो बघा. पोटॅशियम-४०चे १० लाख अणू घ्या. राख ७५ हजार वर्षांपूर्वीची असेल तर त्यांतले सुमारे ४ आर्गॉन झालेले असतील. सात लाख वर्षांपूर्वीची असेल तर सुमारे ४०. चौदा लाख वर्षांची असेल तर ८०. दहा लाखांतले चार की ऐंशी, यावर महाराष्ट्रातला माणूस किती जुना हे ठरायचं होतं. त्यात आपल्या श्वासातल्या हवेतही आर्गॉन आहे, शेकडा एकाच्या जवळपास. तो राखेच्या कणाकणाला चिकटलेला असतो. यंत्रात येणाऱ्या आर्गॉनमधला मोठा हिस्सा हवेचाच. हवेत आर्गॉन-४० आणि आर्गॉन-३६ यांचं प्रमाण जवळपास तीनशेला एक असं ठरलेलं आहे. म्हणून ३६ मोजायचा आणि त्या हिशेबाने हवेचा वाटा वजा करायचा. मोठ्या आकड्यातून दुसरा तेवढाच मोठा आकडा वजा करून उरलेल्या चिमूटभरावर बोट ठेवायचं. इथल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना हे दुखणं परिचयाचं असेल. त्यांचाही तारा गोंगाटातून वजाबाकीनेच निघतो.

आता वादाकडे येऊ. भारतात अशी राख पहिल्यांदा ओळखली गेली ती मध्य प्रदेशातल्या सोन नदीच्या खोऱ्यात. १९८२ साली विल्यम्स आणि रॉइस यांनी तिच्याबद्दल लिहिलं. बोरीची राख त्यानंतर काही वर्षांनी पुढे आली. डेक्कन कॉलेजची मंडळी, म्हणजे शरद राजगुरू, शीला मिश्रा, रवी कोरीसेट्टर आणि त्यांचे सहकारी कुकडीच्या गाळात काम करत होते. राखेच्या जोडीला तिथे दगडी हत्यारं सापडली. अश्यूलियन म्हणतात ती परंपरा, हातकुऱ्हाडी, फरशा. १९८९ साली या मंडळींनी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या वेंकटेशन आणि सोमयाजुलु यांच्यासह राखेचं वय जाहीर केलं: सुमारे १४ लाख वर्षं. तेव्हा भारतातल्या अश्यूलियनला एवढं जुनं मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. आपल्या जुन्नर तालुक्यातली दरड एकदम जगाच्या नकाशावर आली.

पुढे १९९५ साली याच गटातल्या मिश्रा, वेंकटेशन, राजगुरू आणि सोमयाजुलु यांनी अधिक सुधारलेल्या पद्धतीने पुन्हा मोजलं. या पद्धतीत नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, मग टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याला निघणारा आर्गॉन वेगळा मोजतात. आकडा आला ६ लाख ७० हजार, अधिक-उणे ३० हजार. म्हणजे सहा वर्षांत वय निम्म्यावर आलं. वर्तमानपत्री डोक्याला हे नामुष्कीचं वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही. आपलाच आकडा आपणच पुन्हा मोजून खाली आणणारे लोक आम्हाला आवडतात.

पण तोवर दुसऱ्या बाजूने हल्ला झाला होता. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले आचार्य आणि बसू यांनी १९९३ सालीच म्हटलं होतं, की भारतभरची ही राख तोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची आहे, ७५ हजार वर्षांपूर्वीची. १९९५ साली शेन, वेस्टगेट, विल्यम्स आणि कोरीसेट्टर यांनी राखेच्या काचेचं रसायन पुढे केलं. आणि १९९८ साली वेस्टगेट आणि त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांनी मिळून निकालच लावला: द्वीपकल्पातली आजवर माहीत असलेली सगळी तोबा राख त्या एकाच स्फोटाची. अश्यूलियन हत्यारांना लाखो वर्षांचं ठरवण्यासाठी आता तिचा आधार घेता येणार नाही.

इथे एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. कोरीसेट्टर हे नाव १९८९च्या लेखावर आहे आणि १९९५च्या व १९९८च्या उलट बाजूच्या लेखांवरही आहे. आपल्याकडे पक्ष बदलला की माणूस फुटला म्हणतात. संशोधनात पुरावा बदलला म्हणून माणूस बदलला तर त्याचा मान वाढायला हवा. असो.

१९९८च्या लेखाची पद्धत नीट बघा, कारण आमची टीका तिथून सुरू होते. त्यांनी वयावर भर दिला नाही, ओळखीवर दिला. तोबा एकदाच फुटलेला नाही. मोठे असे तीन-चार स्फोट आहेत. सर्वांत अलीकडचा सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीचा, त्याआधीचा सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचा, त्याहून जुना सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीचा. प्रत्येक स्फोटाच्या काचेत दुर्मिळ मूलद्रव्यांचा मेळ थोडा वेगळा. लेखकांनी भारतातल्या नमुन्यांची तुलना सुमात्रा आणि मलेशियातल्या राखेशी केली. एवढ्यावर थांबले असते तर त्यांचा युक्तिवाद लंगडा पडला असता. 'हा माणूस त्या माणसासारखा दिसतो' एवढं पुरत नाही, त्याचा भाऊही तसाच दिसत असेल तर? म्हणून त्यांनी हिंदी महासागराच्या तळातून काढलेला गाळाचा एक गाभा घेतला. त्यात तोबाचे जुने थरही एकावर एक पडलेले आहेत. भावाशीही तुलना केली. मग पश्चिम भारतातल्या दोन नमुन्यांचं वय युरेनियमच्या विघटनाने काचेत पडणाऱ्या चऱ्यांवरून काढलं. नैयायिकाला विचारलंत तर तो म्हणेल, सपक्ष पाहिला, विपक्षही पाहिला. अनुमान करायला हरकत नाही. आमचं मत विचाराल तर राखेपुरता आमचा कल याच बाजूला आहे.

पण दुसरी बाजू गप्प बसली नाही, आणि बसायलाही नको होती. २०११ साली वेस्टअवे, मिश्रा, सुषमा देव आणि ब्रिजलँड यांनी बोरीच्या आणि बारामतीजवळच्या मोरगावच्या राखेचं आर्गॉन पुन्हा मोजलं. नमुन्यात परका माल मिसळला असणार, हे धरूनच त्यांनी हिशेब मांडला. वय आलं सात ते आठ लाखांच्या घरात. म्हणजे तोबाच्या जुन्या स्फोटाशी जुळणारं.

आता गंमत बघा. दोन्ही बाजूंकडे मास स्पेक्ट्रोमीटर आहे, दोन्ही बाजूंची यंत्रं नीट चालतात. कुणी खोटं बोलत नाही, कुणाची मोजणी ढिसाळ नाही. आणि उत्तरांत दसपट अंतर! मग दोष कुठे?

आम्ही एक साधा हिशेब केला. तो कागद-पेन्सिलीचा आहे, कुणीही घरी करून बघावा. समजा राख खरोखर ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. कुकडीच्या खोऱ्यात चारी बाजूंना दख्खनचा काळा दगड आहे, बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. समजा यंत्रात गेलेल्या पोटॅशियमच्या शंभर भागांपैकी ९९ भाग राखेचे आणि फक्त एक भाग या बेसाल्टचा आहे. सरासरी वय किती येईल? ७ लाख ३४ हजार. दोन भाग बेसाल्टचे असतील तर? १३ लाख ९३ हजार.

हा दुसरा आकडा ऐकून तुमच्यापैकी काहींचे डोळे चमकले. आमचेही चमकले होते. १९८९चा आकडा १४ लाख, पुढचे सात लाखांच्या आसपास. झालं, सापडला चोर! पण थांबा. हाच तो क्षण, जिथे तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्वतःचा कान पकडायचा असतो. आकडा जुळला म्हणून कारण सिद्ध झालं नाही. तोबाच्या काचेत पोटॅशियम भरपूर असतं, आपल्या काळ्या दगडात फार कमी. साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे पोटॅशियमचा एक भाग बेसाल्टकडून यायचा असेल तर वजनाने नमुन्याचा दहावा भाग बेसाल्ट असायला हवा. दोन भाग यायचे तर जवळजवळ पाचवा. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या, बुडबुड्याच्या कवचासारख्या वळलेल्या काचेच्या कपच्या वेचणाऱ्या माणसाला पाचवा हिस्सा काळा चुरा दिसणार नाही? दिसेल. म्हणजे आमचा सुंदर हिशेब दोन्हीकडे कापतो. थोडीशी भेसळ वय दसपट करू शकते, हे खरं. आणि ती भेसळ बेसाल्टचीच असेल तर ती थोडीशी असून चालणार नाही, हेही तेवढंच खरं. मग ज्वालामुखीच्या पोटातलेच जुने, पुरते न वितळलेले स्फटिक असतील. काचेत पाणी मुरून पोटॅशियमचा तोल बिघडला असेल. हवेची वजाबाकी चुकली असेल. किंवा राखच जुनी असेल.

यातला एकही प्रश्न यंत्राला विचारता येत नाही. ते सगळे यंत्राच्या आधीचे आहेत. दरडीतून राख कुणी खरवडली, थराच्या पोटातून की वरच्या, पावसाने धुतलेल्या भागातून? चाळणी कितीची होती? आम्लाने धुतली का, किती वेळ? कपच्या हाताने वेचल्या का, आणि वेचताना काय टाकून दिलं? शास्त्रीय लेखांत यंत्राचं नाव, कारखाना, दाब, तापमान सगळं असतं. वेचणाऱ्याच्या हाताला बहुधा एक वाक्य मिळतं, 'नमुना स्वच्छ करून घेतला'. आमची तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. निकाल त्या वाक्यात लागतो आणि लेख मात्र पुढच्या दहा पानांचा असतो.

आणखी एक चूक दोन्हीकडच्या श्रोत्यांनी केली. लेखकांनी कमी, श्रोत्यांनी जास्त. राखेचं वय म्हणजे हत्यारांचं वय, असं सगळ्यांनी धरलं. का? नदी काही धर्मशाळेची वही नाही, की आलेल्याची नोंद क्रमाने होते. नदी खोदते, भरते, पुन्हा खोदते. जुन्या गाळात नवी नाळ पाडते आणि त्या नाळेत नवी राख आणून टाकते. राखेखाली हत्यार सापडलं तर ते राखेइतकं किंवा राखेहून जुनं, एवढंच म्हणता येतं. किती जुनं, ते राख सांगत नाही. राख ७५ हजार वर्षांची निघाली तरी हत्यारं सात लाखांची असू शकतात. १९९८चा लेखही हत्यारं ७५ हजार वर्षांची आहेत असं म्हणत नाही. ती जुनी असल्याचा हा पुरावा आता चालणार नाही, एवढंच म्हणतो. पुरावा गेला म्हणजे गोष्ट खोटी ठरली, ही ऐकणाऱ्यांची भर. उलट बाजूने, हत्यारं घडणीने जुनाट दिसतात म्हणून राख जुनी, आणि राख जुनी म्हणून हत्यारं जुनी, असंही बोललं गेलं. याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असतात. दुरून भक्कम दिसतात.

आणि मग २०११ सालीच एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल तत्त्वज्ञानाचा मास्तर गप्प राहूच शकत नाही. चेन्नईजवळच्या अत्तिरमपाक्कम इथल्या अश्यूलियन हत्यारांचं वय शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं: सुमारे १५ लाख वर्षं. पद्धत अगदी वेगळी. दगड जमिनीवर उघडा असताना आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांनी त्यात बेरिलियम-१० आणि अ‍ॅल्युमिनियम-२६ तयार होतात. दगड पुरला गेला की ते बनणं थांबतं आणि झिजणं सुरू होतं. त्यांचं प्रमाण मोजायचं. यंत्र पुन्हा तेच, फक्त कण वेगाने पळवणारं. म्हणजे भारतातला अश्यूलियन माणूस १४-१५ लाख वर्षांपूर्वीचा होता, हे वाक्य आता टिकतं. १९८९ साली बोरीवरून जे म्हटलं गेलं, त्याच्या जवळपासचं वाक्य!

मग १९८९चा निष्कर्ष बरोबर होता का? बाराव्या शतकात श्रीहर्षाने नैयायिकांना याच जातीच्या कोड्याने छळलं होतं. डोंगरावर धुकं आहे. माणूस त्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. योगायोगाने तिथे खरोखर आग असते. त्या माणसाला आगीचं ज्ञान झालं का? वाक्य खरं आहे, पण आधार धुक्याचा आहे. बोरीचे १४ लाख आणि अत्तिरमपाक्कमचे १५ लाख शेजारी ठेवून 'बघा, आमचंच खरं होतं' असं म्हणणाऱ्याने हे कोडं एकदा सोडवावं. एकाच्या खऱ्याने दुसऱ्याचा पुरावा खरा होत नाही. तसं म्हणायचंच असेल तर बोरीची राख पुन्हा खरवडावी लागेल.

आता वळतो पाऱ्याकडे. वाट लांब झाली, पण तयारी झाली.

औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळतो. कोळशात पारा अत्यल्प, ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात. पण कोळसा लाखो टन. भट्टीत पाऱ्याची पूर्ण वाफ होते. धूर थंड होत जातो तसा त्यातला काही पारा बारीक राखेला, विशेषतः न जळलेल्या कोळशाच्या कणांना चिकटतो. उरलेला धुराड्यातून बाहेर जातो. भट्टीच्या तळाशी पडणाऱ्या जाड राखेत जवळजवळ काहीच राहत नाही. धूर गाळणाऱ्या यंत्रणेच्या हौदांतही सगळीकडे सारखा नसतो. जिथे राख सर्वांत बारीक, तिथे जास्त. आता सांगा, 'या केंद्राच्या राखेत पारा किती?' या प्रश्नाला उत्तर आहे का? कुठली राख? कुठल्या हौदातली? कालची ताजी, की तळ्यात चार पावसाळे भिजलेली? बोरीच्या दरडीशी विचारलेलाच प्रश्न हा.

मोजायला जे यंत्र वापरतात त्यात नमुन्याचा द्राव अतिशय तापलेल्या आर्गॉनच्या ज्योतीत फवारतात. बोरीच्या वादात जो आर्गॉन आरोपी होता, तो इथे नोकर आहे. १९९८च्या गटाला काचेतली दुर्मिळ मूलद्रव्यं मोजायला याच प्रकारचं यंत्र लागलं होतं. पारा मात्र या यंत्राला फार छळतो. आम्लात राख विरघळवताना भांडं उघडं राहिलं तर तो उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. उलट तो नळीच्या भिंतीला चिकटतो, आणि पुढचा स्वच्छ नमुना आला की त्याच्याबरोबर बाहेर पडतो. मग आकडा खोटा जास्त येतो. म्हणून धुण्याच्या पाण्यात सोन्याचा द्राव घालतात. सोनं पाऱ्याला धरून घेऊन जातं. आपल्या सोनारांना हे प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी माहीत होतं. शिवाय पारा-२०२ ज्या जागी मोजायचा त्या जागी टंगस्टन आणि ऑक्सिजन यांची जोडीही येऊन बसते, वजन तेवढंच म्हणून. यंत्र वजन ओळखतं, नाव ओळखत नाही.

यंत्राची परीक्षा घ्यायला बाजारात प्रमाणित राख मिळते. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था कोळशाच्या राखेची बाटली विकते. तिच्यात काय किती आहे हे कागदावर छापलेलं. ती मोजून आकडा जुळला की यंत्र पास. चांगली सोय आहे. पण बाटलीने यंत्र पास होतं. गावाच्या कडेला पडलेल्या ढिगातून पाव किलो राख कशी उचलली, हे बाटली सांगत नाही. 'प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे' असं ऐकलं की आपण हात जोडतो. मान्यता चौकटीच्या आतली. राख चौकटीत यायच्या आधीच वाट चुकली असेल तर मान्यताप्राप्त यंत्र चुकीच्या राखेचं बरोबर उत्तर देतं.

यात सर्वांत धोक्याचे दोन शब्द म्हणजे 'आढळला नाही'. अहवालात ते छापलेले असतात आणि सभेत ते 'नाही' असे वाचले जातात. इथे कुमारिल भट्टाला बोलवावं लागतं. एखादी वस्तू न दिसणं हा ती नसल्याचा पुरावा आहे, असं भाट्ट मीमांसक मानतात. त्या प्रमाणाला ते अनुपलब्धी म्हणतात. पण अट घालतात: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात, रिकाम्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधाऱ्या खोलीत दिसला नाही तर काहीच ठरत नाही. प्रयोगशाळेच्या भाषेत या अटीचं नाव मोजमर्यादा. यंत्र किती कमी पारा ओळखू शकतं, तो आकडा शेजारी छापलेला नसेल तर 'आढळला नाही' हे अंधाऱ्या खोलीतलं वाक्य आहे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या या अटीचा अर्ज आजही करता येतो: अहवाल हातात आला की पहिला प्रश्न, मोजमर्यादा किती? दुसरा, नमुना कुणी, कुठून, किती जागांवरून घेतला? तिसरा, कोरा नमुना, म्हणजे राख न घालता नुसतं आम्ल, मोजलं का आणि त्यात किती आला?

आणि समजा सगळं नीट केलं, आकडा खरा निघाला, आणि राखेत पारा कमीच निघाला. तर गावकऱ्यांनी सुस्कारा टाकायचा का? कोळशात होता आणि राखेत नाही, तर गेला कुठे? डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यातून जाणाऱ्या पाऱ्याला मर्यादा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. ती धुराची आहे. राखेचा आकडा धुराच्या आकड्याशेजारी आणि कोळशाच्या आकड्याशेजारी ठेवला, तर जमा-खर्च लागतो. एकटा राखेचा आकडा म्हणजे पासबुकाचं एकच पान. बोरीला एकट्या राखेवरून हत्यारांचं वय सांगण्याची घाई झाली, त्याच जातीची ही घाई. फरक एवढाच, की बोरीच्या माणसाला आपण त्याचं वय चुकीचं सांगितलं तरी त्याचं काही बिघडत नाही. राखेच्या तळ्याखाली ज्याची विहीर आहे, त्याचं बिघडतं.

कुणी म्हणेल, तुम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, तुम्हाला आकड्यांचा राग. राग नाही हो. दहा लाखांतले चार अणू मोजणाऱ्या माणसांबद्दल आम्हाला आदर आहे; आम्हाला घरची किल्ली सापडत नाही. आमचं मागणं बारीक आहे. बोरीच्या राखेचा पुढचा लेख जेव्हा येईल, तेव्हा त्यात वेचलेल्या कपच्यांच्या फोटोशेजारी टाकून दिलेल्या कणांचाही फोटो असावा. राहिलेला नमुना कुठे ठेवला हे लिहावं, म्हणजे उलट बाजूचा माणूस तोच नमुना घेऊन पुन्हा मोजू शकेल. आणि एकच दरड, एकच थर, एकाच दिवशी दोन्ही बाजूंच्या माणसांनी शेजारी शेजारी उभं राहून खरवडावा. राजगुरूंच्या पिढीने आणि वेस्टगेटच्या पिढीने पत्रांतून, टिपांतून, उत्तर-प्रत्युत्तरांतून जे केलं, ते आता एका खड्ड्यात उतरून करता येईल.

व्याख्यान संपल्यावर काही शिक्षक मुलांना घेऊन उद्या बोरीला जाणार आहेत असं कळलं. जरूर जा. दरडीच्या पुढे उभे राहा, पांढरा थर बघा, बोटाने हलकेच चोळा. पिठासारखा लागेल आणि किंचित टोचेल. पण पिशवीत भरून आणू नका. थर काही अमर्याद नाही, आणि अजून त्याला बरंच विचारायचं राहिलं आहे. वहीत मात्र लिहा: नदीच्या कुठल्या काठाला, जमिनीपासून किती खाली, वर काय, खाली काय.

आता प्रश्न विचारा. त्याआधी आम्हाला कुणीतरी पाणी द्या.